गवताचा काठ



आपल्या बागेविषयी थोडा वेळ बोला, असा निरोप आकाशवाणी केंद्रावरून आला, तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. बायको म्हणाली, "तुमची कसली बाग? एक आंबा, दोन जास्वंदी आणि बाकी सगळं गवत." मी म्हटलं, मग गवतावरच बोलतो. कवी माणूस बागेविषयी बोलणार म्हटल्यावर गुलाब-मोगरा येणार, अशी आपली अपेक्षा असेल तर माफ करा. माझ्या अंगणात मोगरा तीनदा लावला आणि तीनदा मेला. गवत मात्र पंचवीस वर्षं टिकलं आहे. बागेच्या काठाला लावायचं गवत आणि उघडी जमीन झाकायला लावायचं गवत, एवढाच आजचा माझा विषय. त्यात एक भांडणही आहे. ते माझ्या चुकीनं झालं होतं, म्हणून तेही सांगणार आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो, एका सरकारी बंगल्यावर माळी होते. त्या काळी सरकारी बागेचा काठ म्हणजे विटांचा. वाफ्याच्या कडेला चर खणायचा, त्यात विटा तिरप्या, करवतीच्या दातांसारख्या पुरायच्या. साहेबांचा दौरा ठरला की एका विटेला गेरू, दुसऱ्या विटेला चुना. सुट्टीत हे काम माझ्याकडे असे. हाताला चुना लागून बोटं फाटायची. दोन पावसाळ्यांत त्या विटांची कोपरं उडायची, काही खचायच्या, काहींवर शेवाळ धरायचं. मग पुन्हा उकरा, पुन्हा पुरा.

बंगल्याच्या मागच्या बाजूला, जिथं साहेबांची नजर जात नसे, तिथं मात्र अब्बांनी वीट लावली नव्हती. स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणी जायचं त्या पाटाच्या कडेनं गवती चहा होता. विहिरीच्या उताराला वाळ्याची रांग होती. ही कामं त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. मी विचारलं, तेव्हा ते आमच्या दखनी बोलीत म्हणाले होते, "बैठी घास अलग, चलती घास अलग. दोनों की जगा बदलना नै." बसणारं गवत वेगळं, चालणारं गवत वेगळं. दोघांची जागा बदलायची नाही.

शाळेत नापास झालेल्या माणसाला शेवटी शिक्षकाचंच वाक्य आठवावं, तसं हे वाक्य मला फार उशिरा आठवलं.

वनस्पतिशास्त्राची पुस्तकं हीच गोष्ट जरा लांबवून सांगतात. काही गवतं ठोंब करतात. त्यांचे फुटवे आईच्या कुशीतच फुटतात, ठोंब वर्षागणिक जाड होतो, पण तो जागा सोडत नाही. गवती चहा तसा, वाळा तसा. दुसऱ्या जातीची गवतं धावतात. त्यांची दांडी जमिनीवरून सरपटते, प्रत्येक पेराला मूळ सोडते आणि पुढे जाते. काहींची दांडी जमिनीखालूनही जाते. आपली हरळी, म्हणजेच दूर्वा, वरूनही जाते आणि खालूनही जाते. म्हणून तर शेतकरी तिच्या नावानं कपाळाला हात लावतो, आणि म्हणूनच हिरवळीसाठी तिच्यासारखं दुसरं गवत नाही. उघडी जमीन झाकायची असेल तर चालणारं गवत हवं. वाफ्याला, वाटेला, हद्दीला काठ घालायचा असेल तर बसणारं गवत हवं. लुगड्याला काठ असतो तो लुगडं संपलं कुठं हे सांगायला. काठच चालू लागला तर लुगड्याचं काय होणार?

आता भांडणाकडे येतो.

१९९९ साली आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, टेकडीच्या उतारावर, लहानसा प्लॉट घेऊन घर बांधलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेलो, कारकुनाची नोकरी, कविता रात्रीच्या. अब्बा निवृत्त होऊन आमच्याकडे आले होते. आमच्या खालच्या अंगाला एक निवृत्त शिक्षक राहायचे. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे, मीही गुरुजीच म्हणतो. त्यांच्या घराच्या आणि आमच्या घराच्या मध्ये चाळीस फूट लांब, दीडेक फूट रुंद अशी मातीची पट्टी होती. तिथं भिंत नव्हती, कुंपणही नव्हतं.

२००० सालच्या पावसाळ्यात मी त्या पट्टीवर हरळी लावली. कारण अगदी साधं होतं. फुकट मिळत होती आणि लवकर हिरवी दिसणार होती. अब्बा तेव्हा माझ्या बहिणीकडे गेले होते. परत आल्यावर त्यांनी पट्टी बघितली आणि नुसतं "हं" म्हणाले. मला वाटलं, आवडली.

पट्टीच्या पलीकडे गुरुजींचे शेवंतीचे वाफे होते आणि काकूंची मेथी-कोथिंबीर. पहिल्या वर्षी हरळी वितभर पलीकडे गेली. दुसऱ्या वर्षी शेवंतीच्या मुळांत शिरली. गुरुजी खुरपं घेऊन बसत, हातभर लांब पांढऱ्या दांड्या ओढून काढत आणि न बोलता आमच्या बाजूला टाकत. त्या दांड्या वाळल्याशिवाय पडल्या की तिथंच पुन्हा फुटत. २००३ च्या दुष्काळात दोन्ही घरांची झाडं करपली, काकूंची भाजी गेली. पाऊस पडला तसं पहिल्यांदा हिरवं काय झालं असेल, तर ती हरळी.

त्यात पाण्याची भर. आमचा प्लॉट वर, त्यांचा खाली. पहिल्या जोराच्या सरीला आमच्या अंगणातली माती त्यांच्या ओट्यापर्यंत जायची. म्हणाल, हरळी तर माती धरून ठेवते. धरते, पण मी मधलं अंगण उघडं ठेवून नुसत्या पट्टीवर ती लावली होती. वरून गढूळ पाणी वेगानं यायचं आणि त्या बुटक्या गवतावरून सरळ पुढे निघून जायचं.

एक दिवस गुरुजी म्हणाले, "तुमचं गवत माझ्या घरात, तुमची माती माझ्या घरात. आता मला भिंत घालायला लागेल." मी म्हटलं, घाला, पण आमच्या जागेत नको. हे वाक्य तोंडातून निघायला नको होतं. मग जागा कुणाची हा प्रश्न आला, मोजणी आली, साखळी आली, खुणा रोवल्या गेल्या. मोजणीत निघालं की पट्टीतली नऊ इंच जागा, जी मी आमची समजत होतो, ती गुरुजींची होती. माझी मान खाली गेली, पण तोंड उघडलं नाही. गुरुजींनी खडी आणि वाळू आणून टाकली. आमची बोलाचाली बंद झाली. काकू गणपतीला आमच्या अंगणातून दूर्वांच्या जुड्या न्यायच्या, त्याही त्या वर्षी त्यांनी बाजारातून आणल्या. हरळीचं रान दाराशी असताना विकत आणलेल्या त्या दूर्वा मला अजून टोचतात.

२००४ च्या मे महिन्यात अब्बा काठी टेकत गुरुजींच्या ओट्यावर गेले. मी खिडकीतून बघत होतो. त्यांचं मराठी मोडकं होतं, पण त्या दिवशी त्यांनी एकही शब्द वाया घालवला नाही. म्हणाले, "गुरुजी, नऊ इंच तुमची. त्यावर आम्ही काय बोलणार नाही. फक्त दोन पावसाळे द्या मला. मी ओळीनं वाळा लावतो. दोन पावसाळ्यांनंतर तुमच्या दारात आमची माती आली, तर भिंत बांधा. निम्मे पैसे माझा पोरगा देईल."

गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चाचा, तुम्ही म्हणताय म्हणून."

आता वाळा कसा लावला ते सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घराला उतार असेलच.

आधी हरळी काढली. मे महिन्याच्या उन्हात टिकावानं एक फूट खणून, हातानं दांड्या वेचून, वाळवून जाळली. पंधरा दिवस हेच काम. अब्बा स्टुलावर बसून दाखवायचे आणि मी वेचायचो. बायको म्हणायची, "कवितेत एवढं लक्ष दिलं असतंत तर!" आमच्या परसात वाळ्याचे चार जुने ठोंब होते. बंगला सोडताना अब्बांनी पत्र्याच्या डब्यातून आणलेल्या एका ठोंबाची ती संतती. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन ओली झाली, तसे ते ठोंब उपटले आणि हातानं फोडले. एका तुकड्याला तीन-चार फुटवे राहतील असं बघायचं. वरची पानं वितभर ठेवून कापायची, मुळं चार बोटं ठेवून कापायची. मग दोरी बांधायची आणि दोरीला धरून ओळीत, एकमेकांपासून चार-पाच इंचांवर लावत जायचं. चाळीस फुटांना साधारण शंभर तुकडे लागले. माती पायानं घट्ट दाबायची, नाहीतर मुळांशी पोकळी राहते.

यात एक अट आहे. ओळ उताराला आडवी हवी. उताराच्या दिशेनं लावली तर काहीही उपयोग नाही. आमची हद्द नशिबानं आडवीच होती. आणि वाळ्याला ऊन हवं. दाट सावलीत तो रोडावतो.

मी विचारलं, मध्ये मध्ये जागा सोडून लावू का, लवकर संपेल? अब्बा म्हणाले, "दाताची फट दिसते, तशी ही फट पाण्याला दिसते." झालंही तसंच. पहिल्या पावसाळ्यात आठ-दहा ठोंब धरलेच नाहीत. पाण्यानं नेमक्या त्या फटी शोधल्या आणि तिथून माती गेली. निम्मीच गेली, पण गेली. गुरुजी ओट्यावर उभे राहून बघत होते. वाळू आणि खडी अजून तिथंच पडून होती.

त्या हिवाळ्यात, २००५ च्या जानेवारीत, अब्बा गेले. गुरुजी आले, खांदा दिला, परत गेले. आमच्यात बोलणं असं झालं नाही. मी मनात धरून चाललो की आता भिंत होणार. ज्याच्या शब्दाखातर थांबले होते, तोच माणूस राहिला नव्हता. मला वाळ्याकडे बघवतही नव्हतं.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या बाजूनं खुरप्याचा आवाज आला. बघतो तर गुरुजी, गुडघ्याला फडकं बांधून, हद्दीवर बसलेले. त्यांनी एक जाड झालेला ठोंब कडेनं फोडला होता आणि त्याचे तुकडे फटींत लावत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. काय बोलावं कळेना. वर न बघता ते म्हणाले, "चाचांनी दोन पावसाळे मागितले होते. एकच झालाय." मग जरा वेळानं म्हणाले, "उभे काय राहताय कविराज? पाणी आणा."

मी पाणी आणलं. तीन वर्षांनी मी त्यांच्याशी बोललो ते असं, हातात बादली घेऊन.

२००५ चा जुलै महाराष्ट्र विसरलेला नाही. २६ जुलैला मुंबई बुडाली, आणि त्याच सुमाराला इकडे कृष्णा-कोयनेलाही पूर आला. आमच्या टेकडीवर दिवसरात्र पाऊस कोसळत होता. नव्या लावलेल्या ठोंबांपुढे गुरुजींनी आणि मी पोत्यात माती भरून ठेवली होती, कारण सहा आठवड्यांच्या मुळांचा काय भरवसा? दोन ठोंब तरीही वाहून गेले. पण पाऊस थांबल्यावर आम्ही दोघांनी ओट्यापर्यंत जाऊन बघितलं. पाणी आलं होतं, गढूळही होतं, चिखल मात्र नव्हता. चिखल वाळ्याच्या वरच्या अंगाला, आमच्या बाजूला, बोटभर जाडीचा साचला होता. दाट पात्यांत पाण्याचा वेग मोडतो, आणि वेग मोडला की पाण्याच्या हातातली माती सुटते. वाळ्याचं सगळं कसब एवढंच. पाणी तो अडवत नाही, हळू करतो. पुढे वर्षानुवर्षं असं साचत जाऊन आमच्या बाजूची जमीन आपोआप सपाट होत आली. खडी आणि वाळू गुरुजींनी न्हाणीघराच्या दुरुस्तीला वापरली.

आणखी एक फायदा झाला, जो मला अपेक्षित नव्हता. वाळ्याची ओळ दाट झाल्यावर तिची मुळं जमिनीत पडद्यासारखी उतरतात. अंगणात उरलेली हरळी त्या पडद्याशी येऊन थांबायला लागली. काकूंच्या वाफ्यात ती पुन्हा शिरली नाही.

नंतर मी या गवताविषयी वाचलं, तेव्हा थोडा खजील झालो. कर्नाटकात म्हैसूरच्या बाजूला गुंडलुपेट भागातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले आहेत. कारण वाळा लावला तिथंच राहतो. दगड रातोरात सरकवता येतो, वाळ्याची मुरलेली ओळ सरकवता येत नाही. १९८० च्या दशकात रिचर्ड ग्रिमशॉ आणि जॉन ग्रीनफिल्ड हे दोघं जागतिक बँकेतर्फे भारतात काम करत होते. धूप थांबवण्यासाठी वाळ्याच्या ओळी लावा, असा प्रचार त्यांनी जोरात केला. ग्रीनफिल्ड यांनी त्याआधी, १९५० च्या दशकात, फिजीमध्ये उसाच्या उतारावरच्या मळ्यांत हा प्रयोग केलेला होता. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं या एका गवतावर स्वतंत्र अहवाल काढला. त्याचं जगात चालणारं 'व्हेटिव्हर' हे नाव आपल्या शेजारच्या तमिळमधून गेलेलं आहे. सगळं जग फिरून आलेली ही विद्या आमच्या परसात पत्र्याच्या डब्यात होती, आणि मी हरळी लावत बसलो होतो.

वाळ्याला आमच्या घरात खस म्हणतात. उन्हाळ्यात अम्मी माठाच्या पाण्यात खसची जुडी टाकायची. गुरुजींच्या घरी काकूही माठात तीच जुडी टाकायच्या आणि तिला वाळा म्हणायच्या. दोन नावं, वास एकच. हा वास पात्याला नसतो, मुळाला असतो. म्हणून एक सावधगिरी सांगतो. वासासाठी मुळं हवी असतील तर वाळा वेगळ्या वाफ्यात किंवा पोत्यात लावा. काठाला लावलेला वाळा खणू नका. मुळं काढलीत की काठही गेला आणि मातीही गेली. काठाच्या वाळ्याला फक्त वर्षातून दोन-तीनदा गुडघ्याइतकं कापत राहायचं. कापलेली पानं झाडांच्या बुडाशी पसरली की ओल टिकते.

आता घराच्या पुढच्या बाजूला या. सगळ्यांच्या घराला उतार नसतो आणि चार-पाच फूट उंच होणारा वाळा दारात कुणाला आवडेलच असं नाही. दारातल्या वाटेला शोभेचा काठ हवा असतो.

आमच्या फाटकापासून पायरीपर्यंत दहा पावलांची वाट आहे. तिच्या उन्हाकडच्या बाजूला गवती चहा, फूटफूट अंतरावर. काठाचा काठ आणि चहाचा चहा. फक्त वाटेच्या अगदी कडेला लावू नका, त्याची पाती हाताला-पोटरीला कापते. तीन-चार वर्षांनी ठोंब मधून वाळायला लागतो, तेव्हा उपटून, फोडून नव्यानं लावायचा. सावलीच्या बाजूला आंबा आहे. तिथं हरळी विरळ होऊन मरते, कारण तिला दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन लागतं. आंब्याखाली बायकोनं मोंडो ग्रास लावलं आहे. रोपवाटिकेत ते गवत म्हणून विकतात, पण ते गवत नव्हे, शतावरीच्या कुळातलं आहे. गर्द हिरवं, वितीपेक्षा कमी उंच, कापावं लागत नाही. चार-चार बोटांवर लावलं तरी जमीन झाकायला वर्ष-दीड वर्ष घेतं. घाई असलेल्या माणसानं ते लावू नये. पायरीजवळ पांढऱ्या कडेच्या पानांचा स्पायडर प्लँट आहे. सफेद मुसळी आणि पावसाळ्यात खातात ती फोडशीची भाजी, यांचा हा नातलग. अंधार पडू लागला की त्याच्या पांढऱ्या कडा तेवढ्या दिसतात आणि वाट कुठं संपते ते कळतं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी वाटेला हा काठ जरूर लावावा.

आणि मधल्या उन्हाच्या तुकड्यावर, मोठ्या चादरीएवढ्या जागेवर, हरळी आहे. होय, तीच. तिच्याशी माझं वैर नाही. तिची जागा मी चुकवली होती. दोन-तीन पेरांचे तुकडे चार-चार बोटांवर लावायचे, धरेपर्यंत रोज पाणी द्यायचं, आणि अगदी मुळाशी कापायचं नाही. महिन्यातून एकदा फावड्यानं तिची कड सरळ कापायची, म्हणजे ती वाफ्यात शिरत नाही. त्या दिवशी अंगात आळस असेल तर हिरवळ लावण्याच्या भानगडीत पडू नका. काकू पुन्हा गणपतीला इथल्या दूर्वा न्यायला लागल्या, म्हणून या तुकड्यावर मी कसलंही औषध मारत नाही.

हल्ली लग्नाच्या सजावटीत पांढऱ्या तुऱ्यांचं पंपास गवत दिसतं आणि रस्त्याच्या दुभाजकात जांभळं फाउंटन ग्रास. दोन्ही दिसायला सुरेख. पंपास मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. कॅलिफोर्निया आणि न्यूझीलंडमध्ये ते बागांतून निसटून रानात पसरलं आहे. फाउंटन ग्रासच्या जांभळ्या जातीला बी फारसं धरत नाही, पण हिरव्या जातीचं बी वाऱ्यानं उडतं आणि अनेक देशांत तिनं उच्छाद मांडला आहे. म्हणून नवं शोभेचं गवत आणताना रंग विचारण्याआधी एवढं विचारा, की हे बसणारं आहे की चालणारं, आणि याचं बी उडतं का? आपल्या सड्यांवर, माळांवर आधीच पुष्कळ देशी गवतं आहेत. आपल्या हौसेचं ओझं त्यांच्यावर नको.

गुरुजी २०१६ साली गेले. २०२३ मध्ये त्यांच्या मुलानं जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं. तो पुण्यात असतो, माणूस चांगला, पण घाईत. ठेकेदारानं नकाशात चारी बाजूंना भिंत दाखवली होती. ते अगदी रास्त होतं. जागा त्यांची, मोजणीचा कागद त्यांच्याकडे. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. आयुष्यात त्या पट्टीवर मी एकदा बोललो होतो, तेवढं पुरे होतं.

पाया खणायला मजूर आले. ओळीला लागून त्यांनी पुरुषभर खोल खणलं आणि मुलानं मला हाक मारली, "चाचा, जरा बघता का?" खड्ड्याच्या कडेला वाळ्याची मुळं वरपासून तळापर्यंत सरळ उतरलेली दिसत होती, बारीक, पिवळसर, दाट. तळाशीही ती संपलेली नव्हती. ओल्या मातीला खसचा वास येत होता. मजूर म्हणाला, इथली माती ढासळत नाही, फळी लावायला नको. मुलगा बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "हे आप्पांनी लावलं ना?" त्याच्या घरी गुरुजींना आप्पा म्हणत. मी म्हटलं, निम्मं त्यांनी, निम्मं माझ्या वडिलांनी. मग त्याला दोन पावसाळ्यांची गोष्ट सांगितली. ती त्याला माहीत नव्हती.

भिंत झाली, पण तीन बाजूंना. चौथ्या बाजूला वाळा आहे. उद्या त्याचं मन बदललं तर तो भिंत घालेल, आणि माझी तक्रार असणार नाही. शेवटी ते गवत आहे, दस्त नव्हे. दर वर्षी कुणीतरी फटी भरल्या तरच ते टिकतं. गेल्या जूनमध्ये तो सुट्टी काढून आला होता. सहा ठोंब बदलायचे होते. खुरपं कसं धरायचं ते त्याला मी दाखवलं, आणि माझ्याहून बरं त्याच्या मुलीनं धरलं.

श्रोतेहो, माझा वेळ संपत आला. पावसाळा तोंडावर आला की काठाला गवत लावायचा विचार करा. ऊन असेल तर गवती चहा, उतार असेल तर वाळा, सावली असेल तर मोंडो. हरळी लावायची तर स्वतःच्या अंगणाच्या मध्यावर लावा. आणि शक्यतो रोपवाटिकेत जाण्याआधी शेजारी विचारा. ज्याच्याकडे एक जुना ठोंब आहे, त्याला तो दोन-चार वर्षांनी फोडावाच लागतो. फोडलेले तुकडे कुणाला तरी देण्यावाचून त्याच्यापुढे इलाज नसतो. मागायला गेलात तर तोही बोलता होईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)